मामाच्या दुकानातला विंडोज सेव्हन आणि सँडबॉक्स: कामाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर २०२३, बुधवार, तासगाव

भाऊबीजेला आईला घेऊन मामाकडं आलोय. ताटातली नोट आईनं अजून पर्समध्ये ठेवली नव्हती तोवर मामा मला म्हणाले, "जेवण झालं की दुकानात ये जरा, ते क्रोम उघडलं की रोज वर पट्टी दाखवतंय, अपडेट मिळणार नाही म्हणून." झालं, सुट्टी गेली.

दुकान म्हणजे डीटीपीचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, बेदाणा व्यापाऱ्यांची बिलबुकं, आणि बाजूच्या टेबलावर रेडियम कटिंग. मशीन दोन. पहिलं विंडोज सेव्हन ३२ बिट, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क जी चालू होताना सुपारी कातरल्यासारखा आवाज करते. त्यावर पानं लावायचं पेजमेकर ७ आणि डोंगल (मशीनला जोडायची लायसनची चावी) लावून चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. दुसरं एक्सपीचं, त्याला कटर प्लॉटर जोडलाय आणि बाकी ते काहीच करत नाही.

अँटिव्हायरस आहे, पण लायसन कधीच संपलंय, कोपऱ्यात लाल चौकोन घेऊन बसलाय आणि तरी अर्धी रॅम खातोय.

मी सरळ म्हणलं मामा नवीन घ्या. तर त्यांनी डी ड्राइव्ह उघडून दाखवला, जॉब नावाचं फोल्डर, आत आडनावांची फोल्डरं, १३ वर्षांची. "थोरल्याची पत्रिका आपणच काढली होती, आता धाकट्याची काढा, नावं तेवढी बदला, असं म्हणत येतात लोक. हे मॅटर दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसतं इंग्रजी गिचमिड दिसतंय." बरोबर आहे त्यांचं. पेजमेकर ७ आला २००१ ला, त्याला युनिकोड देवनागरी (फोनवर, नेटवर चालते ती) कळत नाही, सगळं मॅटर त्या जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये आहे आणि तो फॉन्ट त्या डोंगलला बांधलेला. म्हणजे मशीन बदलायचं तर फॉन्ट परत विकत घ्या, १३ वर्षांचं मॅटर एकेक उघडून तपासा, आणि हे सगळं तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना.

आणि नेट काढून टाका असंही म्हणता येत नाही. मॅटर व्हॉट्सॲपवर येतं, फोटो व्हॉट्सॲपवर येतो, प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं. शिवाय आलेला युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवायला ऑनलाइन कन्व्हर्टर लागतो. म्हणजे प्रश्न असा की हेच मशीन, हाच विंडोज, आणि नेट चालू, यात काय करता येतं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सगळ्यात आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली, क्लोनझिलाने, माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर. दोन तास गेले. मामा विचारत होते नुसतं बसून काय करतोयस, म्हणलं तुमची १३ वर्षं उचलून ठेवतोय.

पर्याय काय काय होते ते लिहून ठेवतो, कारण महिन्याभराने मीच विचारीन की असं का केलं. लिनक्स मिंट ड्युअल बूट, म्हणजे विंडोजशेजारी दुसरी सिस्टिम: नको, व्हॉट्सॲप बघायला एकदा आणि पेजमेकरला एकदा असं रिस्टार्ट मामा करणार नाहीत, मीही केलं नसतं. व्हर्च्युअल मशीन: २ जीबी रॅममध्ये दोन विंडोज म्हणजे एका खाटेवर चार पाहुणे. मग सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅम बाकी मशीनपासून वेगळा कोंडून चालवायचा डबा. विंडोजचा स्वतःचा सँडबॉक्स आहे पण तो २०१९ च्या विंडोज १० प्रो पासून पुढं, इथं विषयच नाही. खरं उत्तर म्हणजे पाच-सात हजाराचं सेकंडहँड मशीन फक्त नेटसाठी घेऊन वेगळं ठेवणं. ते मी दोनदा सुचवलं, दोनदा "टेबलावर जागा कुठाय?" असं उत्तर मिळालं, आणि टेबल बघितलं तर खरंच नाही, एका बाजूला लेझर प्रिंटर, दुसऱ्या बाजूला पत्रिकांच्या नमुन्यांचे अल्बम, मधे चहाचा कप ठेवायला जेमतेम जागा.

म्हणून सँडबॉक्सी. हे सॉफ्टवेअर मी कॉलेजात असताना वापरलेलं, तेव्हा महिन्यानंतर पैसे भरा अशी खिडकी यायची. २००४ मध्ये रोनेन त्झूर नावाच्या एका माणसाने ते लिहिलं, २०१३ ला ते इन्विन्सिया नावाच्या कंपनीने घेतलं, २०१७ ला इन्विन्सियालाच सोफोसने घेतलं, मग सोफोसने २०१९ ला फुकट केलं आणि एप्रिल २०२० ला सोर्सकोड उघडा करून हात झटकले. आता डेव्हिड झॅनाटोस या नावाने काम करणारा डेव्हलपर ते पुढं नेतोय. दोन अवतार आहेत, प्लस आणि क्लासिक. मला ३२ बिट आणि हलकं हवं होतं, म्हणून क्लासिक. आणि विंडोज सेव्हनवर अजून चालतंय हे या जमान्यात कौतुकच.

इन्स्टॉल झालं. फायरफॉक्स ११५ टाकला, सेव्हनवर चालणारा तो शेवटचा, एक्स्टेंडेड सपोर्टवाला, सिक्युरिटीचे अपडेट त्याला अजून येतायत. क्रोम १०९ वर थांबलाय फेब्रुवारीपासून. तो काढायच्या आधी सहज सेव्ह केलेले पासवर्ड बघितले तर अकरा! त्यात बँकेचापण. मामांना विचारलं तर म्हणे "तोच विचारतो सेव्ह करू का, मग हो म्हणतो मी." सगळे पासवर्ड मामाच्या फोनवरून बदलून घेतले, बँक या मशीनवरून कायमची बंद. ही गोष्ट सँडबॉक्सपेक्षा मोठी होती खरंतर.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मामांना समजावून सांगायचा दिवस. नोटपॅड सँडबॉक्समध्ये उघडलं, त्यात "मामा" असं टाइप केलं, डेस्कटॉपवर सेव्ह केलं. मग म्हणलं आता डेस्कटॉपवर शोधा. नाही. परत त्याच नोटपॅडमधून ओपन केलं की डेस्कटॉपवर फाइल दिसतीय. मामा दोन मिनिटं स्क्रीनच्या मागं बघायचे बाकी राहिले. मग सी ड्राइव्हमधलं सँडबॉक्स नावाचं फोल्डर उघडून दाखवलं, त्यात मामाच्या युजरचं फोल्डर, त्यात डिफॉल्ट बॉक्स, त्यात यूजर, करंट, डेस्कटॉप, आणि तिथं ती फाइल बसलेली.

मी आपला ड्रायव्हर, राइट, रिडायरेक्ट असं काहीतरी सांगत होतो, मामांनी मधेच तोडलं, "म्हणजे आर्टवर्कवर ट्रेसिंग टाकून वर करेक्शन करायचं. खालचं आर्टवर्क दिसतंय, पण पेन लागतोय तो ट्रेसिंगला. नको असलं तर ट्रेसिंग चुरगाळून टाकायचं." मी गप्प. यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण खऱ्या फाइलवर लिहितोय, सँडबॉक्सी ते लिखाण पकडतं आणि आपल्या फोल्डरात फाइलची कॉपी करून तिथं लिहितं. रजिस्ट्रीचंही (विंडोजच्या सेटिंगची वही) तसंच. डब्यात, म्हणजे सँडबॉक्समध्ये, उघडलेल्या प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम चालू केला तर तोही डब्यातच राहतो.

पण ट्रेसिंगच्या उदाहरणातच त्याची उणीव पण आहे: खालचं आर्टवर्क दिसतंय. म्हणजे डब्यातला प्रोग्रॅम तुमच्या डिस्कवर लिहू शकत नाही पण वाचू शकतो, आणि वाचलेलं नेटवरून बाहेर पाठवू शकतो. बरेच लोक इथंच फसतात, डब्यातल्या खिडकीभोवतीची पिवळी चौकट दिसली की निवांत. म्हणून आज जॉब फोल्डर आणि मामाचं डॉक्युमेंट्स (त्यात घराचा उतारा, आधारचे स्कॅन, सगळं) ब्लॉक्ड ॲक्सेसमध्ये टाकले. टेस्ट: व्हॉट्सॲप वेबवर अटॅच दाबलं, डी ड्राइव्ह उघडला, जॉबवर क्लिक केलं, ॲक्सेस डिनाइड. मस्त. प्रूफसाठी वेगळं फोल्डर केलं, तेवढंच वाचता येतं. पेजमेकरमधून प्रूफ काढलं की तिथं टाकायचं आणि तिथूनच पाठवायचं.

अजून केलेलं, पटापट: फायरफॉक्स फोर्स्ड प्रोग्रॅममध्ये, म्हणजे कुठूनही उघडला तरी डब्यातच जाणार. ड्रॉप राइट्स चालू, म्हणजे डब्यातल्या प्रोग्रॅमला ॲडमिनचे अधिकार नाहीत. डबा बंद झाला की आपोआप रिकामा. चौकट कायम दिसेल अशी केली, कारण मूळ सेटिंगमध्ये माउस टायटलवर नेला तरच दिसायची. आणि टायटलमध्ये हॅशची खूण येते खरी पण फायरफॉक्स तिथं स्वतःचे टॅब लावतो त्यामुळं ती झाकली जाते, तिच्या भरवशावर राहू नका.

पेजमेकर आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर डब्याबाहेरच. डोंगलला ड्रायव्हर लागतो, आणि डब्यात ड्रायव्हर बसत नाही, बसायलाही नको. उलट विंडोज फायरवॉलमध्ये आउटबाउंड नियम करून पेजमेकरला नेटच बंद केलं. बावीस वर्षांच्या प्रोग्रॅमला नेटवर जाऊन कुणाला भेटायचंय?

जुना अँटिव्हायरस काढला. मशीन उठून बसलं अक्षरशः.

२६ नोव्हेंबर, रविवार, पुणे

रात्री साडेअकराला मामाचा फोन. आवाज शांत होता, म्हणजे जास्त चिडलेत.

झालेलं असं. तुळशीचं लग्न लागलं तशी गर्दी सुरू झाली. एका पार्टीचं मॅटर व्हॉट्सॲपवर आलं, दोन पानं, वरती सगळे कुलदैवत, खाली आप्तेष्टांची यादी चाळीस नावांची. मामांनी ते ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकलं, फाइल उतरवून घेतली, फायरफॉक्सच्या डाउनलोडच्या यादीतूनच क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली आणि तासभर बसून करेक्शन केलं. त्या कन्व्हर्टरला "ऱ्य" झेपत नाही, "करणाऱ्या" चं "करणार या" होतं, "कुऱ्हाडे" आडनावाची तर पार वाट लागते, आणि या पत्रिकेत कुऱ्हाडे सात होते. सगळं नीट करून सेव्ह केलं, फायरफॉक्स बंद, नोटपॅड बंद. डबा रिकामा. मॅटर गेलं.

चूक पूर्ण माझी. नोटपॅड फायरफॉक्समधून उघडला म्हणून तोही डब्यातलाच, त्याचं सेव्ह डब्यातच. सँडबॉक्सी डबा रिकामा करायच्या आधी विचारतं की या फाइली बाहेर काढू का, पण ते फक्त रिकव्हरीच्या यादीतल्या फोल्डरांसाठी, त्या यादीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असतात. मामाचा फायरफॉक्स मी डी ड्राइव्हवरच्या डाउनलोड फोल्डरला लावला होता, कारण त्यांना वर्षानुवर्षं तिथं बघायची सवय. ते यादीत टाकायचं राहिलं. त्यामुळं सँडबॉक्सीने काही विचारलंच नाही, काही विचारण्यासारखं त्याला दिसलंच नाही.

मामांनी मूळ मेसेजवरून सगळं परत बसवलं, रात्री दहापर्यंत, आणि घाईत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं ऐवजी १२ वाजून ५३ मिनिटं पडला. नवरीच्या काकांनी प्रूफवर पकडलं म्हणून ठीक, नाहीतर पाचशे पत्रिका छापून अठरा मिनिटं उशिराचं लग्न लागलं असतं.

आणखी एक तक्रार, की रोज सकाळी व्हॉट्सॲप वेबला क्यूआर स्कॅन करावं लागतंय. करावं लागणारच, लॉगिनची कुकी डब्यात, डबा रोज रिकामा. मला पुण्यात बसून हे सुचलंच नाही कारण मी टेस्ट केली एक दिवस आणि एका दिवसात ही अडचण दिसत नाही.

फोनवरून तात्पुरतं एवढंच करून घेतलं: आपोआप रिकामा करणं बंद. बाकी शनिवारी जाऊन.

२ डिसेंबर, शनिवार, तासगाव

पहाटेच्या एसटीने आलो, ११ ला दुकानात. बरोबर २ जीबीची जुनी डीडीआर थ्री रॅम आणि २४० जीबीची एसएसडी आणली. रॅम ४ जीबी झाली पण ३२ बिट असल्याने विंडोजला तीन आणि वर थोडी एवढीच वापरता येते, तरी पुष्कळ. हार्डडिस्क एसएसडीवर क्लोन केली, पेजमेकर आता क्लिक केल्यावर उघडतो, आधी क्लिक करून चहा सांगायला वेळ मिळायचा.

आता डबे तीन:

व्हॉट्सॲप नावाचा डबा. यात फक्त व्हॉट्सॲप वेब, वेगळ्या फायरफॉक्स प्रोफाइलने. हा रिकामा होत नाही. लॉगिन टिकतं.

वेब नावाचा डबा. कन्व्हर्टर, फोटो शोधणं, नमुने बघणं, बाकी सगळं. हा बंद केला की साफ. फोर्स्ड प्रोग्रॅमची नोंद या डब्यावर आहे, त्यामुळं नुसता फायरफॉक्स उघडला तर इथं येतो.

पेनड्राइव्ह नावाचा तिसरा, त्याचं पुढं लिहितो.

एकाच वेळी दोन डबे चालवणं आणि फोर्स्ड प्रोग्रॅम हे दोन्ही पूर्वी पैसेवाल्या आवृत्तीत होतं. आता फुकट आहे म्हणून हे जमलं.

रिकव्हरीच्या यादीत डी ड्राइव्हचं डाउनलोड फोल्डर टाकलं (कानाला खडा), आणि इमिजिएट रिकव्हरी चालू केली, म्हणजे फाइल उतरली की लगेच खिडकी येते, बाहेर काढू का. मामांना ती खिडकी आवडली नाही. "दरवेळी काय विचारायचं, काढ की मुकाट." मग थेट लिहायची परवानगी देऊन टाकावी का यावर मी अर्धा तास घोळ घातला. ओपन फाइल पाथ म्हणून सेटिंग आहे, एखादं फोल्डर त्यात टाकलं की डब्यातला प्रोग्रॅम तिथं खरंखुरं लिहितो. सोय आहे पण भिंतीला खिडकी पाडणं आहे. शेवटी फक्त व्हॉट्सॲप डब्यातल्या फायरफॉक्सला, फक्त आलेलं नावाच्या एका फोल्डरपुरतं ते दिलं. बदल्यात ते फोल्डर फोर्स्ड फोल्डरमध्ये घातलं, म्हणजे त्यात चुकून एखादी ईएक्सई फाइल आली आणि कुणी क्लिक केली तरी ती डब्यात जाऊनच उघडेल. फोटो तिथून पेजमेकरमध्ये प्लेस करायचा. वेब डब्यासाठी मात्र खिडकी राहील, तिथं मामांचं ऐकलं नाही.

नोटपॅडची युक्ती मामांनीच काढली: कन्व्हर्टरमधून फाइल उतरवायचीच नाही, मजकूर कॉपी करायचा आणि बाहेरच्या नोटपॅडमध्ये पेस्ट. क्लिपबोर्ड डब्याच्या आतबाहेर चालतो. माझ्या डोक्यात हे आधी का नाही आलं कुणास ठाऊक.

३ डिसेंबर, रविवार

दुपारी बसलो असताना एक गिऱ्हाईक आलं आणि आल्या आल्या विचारलं "वायफायचा पासवर्ड तोच ना?" मी मामाकडं बघितलं. मामा म्हणाले "मोठा फोटो व्हॉट्सॲपवर फाटतो, मग ते मेल करतात, त्यांच्याकडं रेंज नसती." म्हणजे गावातल्या निम्म्या लग्नघरांचे फोन या मशीनच्या नेटवर्कवर बसून गेलेत.

इथं सँडबॉक्स शून्य कामाचा. तो फायरफॉक्सभोवती आहे, विंडोजभोवती नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती, एका मशीनमधून दुसऱ्यात ४४५ पोर्टवरून, फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून तो सरळ शिरत होता. सगळे म्हणायचे एक्सपीवाले मेले, प्रत्यक्षात लागण झालेली बहुतांश मशीनं विंडोज सेव्हनची होती. आणि मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी, लोकांनी टाकला नव्हता.

इन्स्टॉल्ड अपडेट्स उघडून बघितलं. शेवटचा अपडेट २०१४ चा. म्हणजे आपणही त्यातलेच, फक्त नशीब.

केबी ४०१२२१२ हा सेव्हनसाठीचा तो पॅच, माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगवरून उतरवून टाकला. मग बाकीचे जमतील तेवढे, जानेवारी २०२० पर्यंतचे, रात्री एक वाजेपर्यंत, मधे तीनदा "कॉन्फिगरिंग अपडेट्स" वर अर्धा अर्धा तास. मामी दोनदा जेवायला बोलवायला माणूस पाठवून दमली.

एसएमबी १ बंद केलं आणि पाच मिनिटांत मामांची हाक, "कटरचं फोल्डर दिसंना." अर्थातच, एक्सपीला एसएमबी १ सोडून दुसरं काही येत नाही, आणि रेडियमची डिझाइनं शेअर फोल्डरमधून जात होती. भोक बुजवलं तर कटर बंद, कटर चालू ठेवला तर भोक उघडं. शेवटी एक्सपीची लॅन केबल काढून कपाटात ठेवली आणि कटरसाठी एक लाल पेनड्राइव्ह ठरवला, दोरा बांधून टेबलाला टांगलाय, तो या दोन मशीनच्या बाहेर जाणार नाही. जुन्या बँकेतल्या पेनासारखा दिसतोय.

राउटरवर गेस्ट नेटवर्क केलं, गिऱ्हाइकांना ते. नावापुरतं "पत्रिका" असं ठेवलंय.

१७ डिसेंबर, रविवार, पुणे (व्हिडिओ कॉलवर)

पेनड्राइव्ह डब्याची परीक्षा झाली. डेस्कटॉपवर मी एक शॉर्टकट करून ठेवला होता जो सँडबॉक्सीच्या स्टार्ट प्रोग्रॅममधून एक्सप्लोररच डब्यात उघडतो, पेनड्राइव्ह लावला की मामांनी माय कॉम्प्युटरमधून नाही तर या शॉर्टकटवरून आत जायचं एवढंच.

काल एक कॉलेजचा पोरगा स्मरणिकेचे फोटो घेऊन आला, पेनड्राइव्ह आधी कुठल्यातरी झेरॉक्सवाल्याकडं लावून आलेला. मामांनी उघडला, फोल्डरांवर छोटे बाण. जुना शॉर्टकट व्हायरस, खरी फोल्डरं लपवतो, त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो आणि क्लिक केलं की फोल्डर तर उघडतं पण पाठीमागं स्क्रिप्टही चालू होते. मामांनी सवयीने डबलक्लिक केलंच. पण चौकट पिवळी होती, म्हणून घाबरले नाहीत, मला फोन केला.

कॅमेरा स्क्रीनवर धरून त्यांना डब्याच्या फोल्डरात नेलं. यूजर, करंट, ॲपडेटा, रोमिंग, आणि तिथं एक व्हीबीएस फाइल, अक्षरांची खिचडी नाव. स्टार्टअप फोल्डरातही तीच, पण डब्यातल्या स्टार्टअपमध्ये, खऱ्या स्टार्टअपमध्ये काही नाही. फोटो तेवढे रिकव्हर करून बाहेर काढले, डब्यातले सगळे प्रोग्रॅम बंद, डबा रिकामा. परत बघितलं, फाइल नाही.

मामा खूश. "ट्रेसिंग चुरगाळलं." त्या पोराला मी फोनवरून ॲट्रिब कमांड सांगत होतो लपलेली फोल्डरं परत दाखवायला, तो म्हणाला असू दे सर, फॉरमॅट मारतो.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, हा व्हायरस बाळबोध होता. सँडबॉक्सी स्वतः विंडोजच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, उभं आहे, आणि कर्नल २०२० पासून पॅचशिवाय. कर्नलमधलं भोक वापरणारं काही आलं तर डब्याचं झाकण आतून उघडू शकतं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले "म्हणजे पेनड्राइव्ह आधी तुझ्या लॅपटॉपला लावायचा का?" नाही हो.

६ जानेवारी २०२४, शनिवार, तासगाव

छोटी फेरी. व्हॉट्सॲप डबा २ जीबीच्या आसपास फुगलाय, फायरफॉक्सचा कॅश. कॅश साफ केला, डबा तसाच ठेवला.

दुकानातल्या पोराने (नवीन आहे, पेस्टिंगला) गाणी उतरवायला म्हणून कुठलातरी कन्व्हर्टर वेब डब्यात चालवलेला दिसतोय, रिकव्हरीच्या खिडकीत ईएक्सईचं नाव बघून मामांनी क्लोज केलं. म्हणून वेब डब्यात स्टार्ट रिस्ट्रिक्शन लावलं, फायरफॉक्स आणि त्याचे साथीदार सोडून दुसरं काही चालू होणार नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पोराला कुणी रागावलं नाही, त्याला वाटलं पिवळ्या चौकटीत सगळं चालतं, आणि असं मीच सांगितलं होतं.

मामांनी मॉनिटरच्या कडेला एक पत्रिकेचा तुकडा चिकटवलाय, त्यांच्या त्याच जुन्या फॉन्टमध्ये, ठळक: "पिवळे आहे का? मग नेट. पिवळे नाही? मग पेजमेकर." लाल बॉर्डर आणि कोपऱ्यात गणपती. गणपती का विचारलं तर टेम्प्लेटमध्ये होता म्हणे.

२७ जानेवारी, शनिवार, तासगाव

तीन महिन्यांतला हिशोब करायला बसलो. रॅम आणि एसएसडी मिळून दोन हजारांच्या आत, सँडबॉक्सी फुकट, माझ्या तीन फेऱ्यांचं एसटीचं तिकीट, आणि मामांचा एक तास, जो सात कुऱ्हाड्यांसकट गेला.

इमेज परत काढली, आता दोन प्रती आहेत, एक मामीच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली.

राहिलेलं: फायरफॉक्स ११५ चे अपडेट सेव्हनसाठी कधीतरी थांबणार, त्या दिवशी व्हॉट्सॲपसुद्धा या मशीनवरून काढायचं आणि तेव्हा टेबलावर जागा करावीच लागेल. मामांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं, पटलं असं नाही. जॉब फोल्डरमधलं मॅटर युनिकोडमध्ये हळूहळू फिरवायला सुरुवात केलीय, रोज दोन आडनावं, पोराला ते काम दिलंय. कुऱ्हाडे शेवटी घ्या म्हणलं.

लाल पेनड्राइव्हचा दोरा तुटलाय, तो बदलायचाय. आणि मामीनं दोन किलो बेदाणे दिलेत, ते आईकडं पोचवायचेत, वाटेत कमी न होता.